तारापूर: कालनिर्णयच्या पानावरचे मिलिरेम

किनारा

माझं माहेर बोईसरजवळचं. लग्न होऊन पुण्याला आले तेव्हापासून एक प्रश्न पाठ सोडत नाही. गाव कोणतं सांगितलं की समोरचा विचारतो, "म्हणजे तारापूर अणुवीज केंद्राच्या शेजारी? तिथं राहणं सुरक्षित असतं का हो?" इतकी वर्षं मी काहीबाही उत्तर देत आले. गेल्या महिन्यात माहेरच्या घराची साफसफाई केली आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत १९८७ सालच्या कालनिर्णयची दोन पानं सापडली, फेब्रुवारी आणि मार्चची. तेव्हापासून हा प्रश्न मलाच सोडवायचा आहे.

पानांच्या मागच्या बाजूला आईचा दुधाचा हिशेब आहे. पुढे तारखांच्या चौकटीत बाबांच्या अक्षरात, शिसपेन्सिलीने बारीक आकडे आहेत. २०. ३५. ०. ६०. ०. ४५. लहानपणी मला ते ओव्हरटाइमचे तास वाटायचे. आईलाही तसंच वाटायचं.

बाबा कंत्राटी फिटर. पहिल्या दोन युनिटांपैकी एखादं इंधन बदलायला आणि दुरुस्तीला बंद झालं की त्यांना महिना-दोन महिने काम मिळायचं. आत जाताना छातीला दोन गोष्टी लावायच्या. एक टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर आलेला किरणोत्सर्ग नोंदवणारा बिल्ला, तो बाहेर पडताना गेटवरच्या फळीवर परत ठेवायचा. दुसरं पेन. दिसायला शाईच्या पेनासारखं, पण एका टोकाला डोळा लावून उजेडाकडे धरलं की आत पट्टी आणि केसासारखी रेघ दिसते. रेघ जितकी सरकली तितके मिलिरेम (किरणोत्सर्गाच्या डोसचं माप) त्या दिवशी अंगावर आले. बाबा तो आकडा तोंडाने घोकत बसमध्ये बसायचे आणि घरी आले की हात धुवायच्या आधी कॅलेंडरवर लिहायचे. मी विचारलं, "कशाला लिहायचात?" म्हणाले, "दूधवाल्याचा ठेवतो की हिशेब. मग अंगावरचा नको ठेवायला?"

आता केंद्राबद्दल मला जे नीट माहीत आहे ते मांडते. १९६३ मध्ये भारत आणि अमेरिकेचा करार झाला, बांधकाम १९६४ मध्ये सुरू झालं आणि २८ ऑक्टोबर १९६९ ला दोन्ही युनिटं व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागली. प्रत्येकी २१० मेगावॅटची, उकळत्या पाण्याच्या प्रकारची. पुढे त्यांची क्षमता १६० वर आणली. शेजारी आपल्या इंजिनिअरांनी आराखडा केलेली ५४० मेगावॅटची दोन युनिटं आली, चौथं २००५ मध्ये आणि तिसरं २००६ मध्ये. क्रमांक उलटा वाटेल, पण चौथं खरोखरच आधी सुरू झालं. जुनी दोन्ही २०२० मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी बंद केली, तोवर त्यांनी पन्नाशी ओलांडली होती.

एवढ्या वर्षांत आमच्या गावांना घरं सोडून पळावं लागेल असा अपघात तिथं झाला नाही. हे मी मनापासून मान्य करते, त्यामागे शेकडो लोकांची मेहनत आहे. पण सुरक्षेची नोंद म्हणजे तेवढंच का? बाबांनी ज्या कंत्राटदाराकडे काम केलं (नाव लिहीत नाही) त्याच्याकडे त्यांनी एकदा आपला एकूण डोस लिहून मागितला होता. "तुला काय करायचंय आकडा घेऊन, पगार मिळाला ना?" असं उत्तर मिळालं. बाबा आज ७४ वर्षांचे आहेत, तब्येत बरी आहे. त्यांच्याकडे त्यांच्या अंगावरची एकच नोंद आहे, पेन्सिलीने लिहिलेली, तीही दोन महिन्यांची.

आत काम केलेले कोणी इथे असतील तर जरूर लिहा.

---

पालघरी

धागा आवडला ताई. आपल्या जिल्ह्यात आशियातलं पहिलं अणुवीज केंद्र आहे याचा शाळेपासून अभिमान वाटत आलाय.

---

गणिती

पालघरी, छोटीशी दुरुस्ती. जपानचं तोकाई केंद्र १९६६ मध्येच वीज देऊ लागलं होतं. तारापूर हे भारतातलं पहिलं. अनेक पुस्तकांतही "आशियातलं पहिलं" असंच छापलेलं असतं, त्यामुळे चूक तुमची नाही.

---

निवृत्त_पाळीवाला

किनारा ताई, मी तारापूरच्या पहिल्या दोन युनिटांच्या नियंत्रण कक्षात पाळीत काम करून निवृत्त झालो. तुमच्या वडिलांसारखे फिटर नसते तर आम्ही पॅनेलसमोर नुसतेच बसून राहिलो असतो, हे आधी लिहितो.

क्षमता २१० वरून १६० का झाली, हे लोकांना क्वचितच कोणी सांगतं. या अणुभट्टीत पाणी भट्टीतच उकळतं आणि ती वाफ थेट टर्बाइनला जाते. त्याशिवाय भट्टीतून फिरणारं गरम पाणी दुय्यम बाष्पजनकांतून जाऊन आणखी वाफ तयार करायचं, तीही त्याच टर्बाइनला मिळायची. या बाष्पजनकांच्या नळ्या गळू लागल्या. नळ्या बुजवत बसण्यापेक्षा ते बाष्पजनकच वापरातून काढले आणि १६० मेगावॅटवर समाधान मानलं. उत्पादनाचा जवळजवळ चौथा हिस्सा कायमचा सोडणं सोपं नव्हतं, वीज तेव्हाही कमीच पडत होती. मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो.

थेट वाफ टर्बाइनला जाते म्हणून आमच्याकडे चालू असताना टर्बाइनजवळ जाता येत नसे. पाण्यातल्या ऑक्सिजनपासून नायट्रोजन-१६ तयार होतो, त्याचं किरणोत्सर्जन तीव्र असतं. पण त्याचं अर्धायुष्य सात सेकंदांचं, त्यामुळे यंत्र बंद केलं की काही मिनिटांत तो संपतो. नंतर उरतो तो पाइपांच्या आत चिकटलेला थर. तुमच्या वडिलांच्या पेनातली रेघ सरकवणारा मुख्यतः तोच. सुरुवातीच्या वर्षांत इंधनाच्या कांड्याही बऱ्याच फुटायच्या, त्यामुळे पाणी जास्त खराब व्हायचं आणि दुरुस्ती करणाऱ्यांच्या अंगावर जास्त यायचं. एकाचा डोस भरला की दुसरा माणूस आत पाठवायचा. कामाचा तुकडा पाच-दहा मिनिटांचा, आणि तेवढ्यासाठी अर्धा तास कपडे चढवायचे. सत्तरच्या दशकात तारापूरमध्ये कामगारांवरचा एकत्रित डोस जास्त होता, हे लपवण्यासारखं नाही. पुढे तो कमी झाला तो पाण्याची शुद्धता आणि इंधनाचा दर्जा सुधारल्यामुळे.

२०२० च्या दुरुस्तीबद्दल. भट्टीचं पाणी फिरवणारे जे मोठे स्टेनलेस स्टीलचे पाइप आहेत, त्यांच्या जोडांजवळ भेगा पडण्याचा आजार या पिढीच्या भट्ट्यांना जगभर झाला. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडालगतचं पोलाद हळवं होतं, त्यावर ताण असतो आणि आत ऑक्सिजन असलेलं गरम पाणी. तिन्ही एकत्र आले की धातूच्या कणांच्या सीमेवरून भेग सरकते. ती डोळ्याला दिसत नाही, ध्वनिलहरींनी शोधावी लागते. तेच पाइप बदलायचं काम काढलं.

---

राजापूरकर

माहितीबद्दल आभार. पण काका, मी जैतापूरच्या बाजूचा आहे. आमच्याकडे १७३० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या आणायचं ठरलंय, म्हणून थोडं रोखठोक विचारतो. तुम्ही सांगता ते सगळं केंद्रातल्या माणसांनी केंद्रातल्या माणसांना सांगितलेलं. बाहेरून तपासणारं कोण? अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झालं, पण सरकारी आदेशाने, स्वतंत्र कायद्याने नाही. २०१२ च्या अहवालात कॅगने, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, नेमका यावरच ठपका ठेवला होता. नियम मोडणाऱ्याला तेव्हा दंड किती, तर जास्तीत जास्त ५०० रुपये, हेही त्याच अहवालात आहे. स्वतंत्र प्राधिकरणासाठी २०११ मध्ये विधेयक आलं, ते त्या लोकसभेबरोबर बारगळलं. आणि १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने माहिती गुप्त ठेवायचा अधिकार सरकारला होताच.

२०११ मध्ये अपघात झालेल्या जपानच्या फुकुशिमाची यंत्रंही उकळत्या पाण्याचीच होती, मूळ आराखड्याची कंपनीही तीच, अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक. तारापूरची तर त्यांच्याहून जुनी. मग आम्ही विश्वास कशावर ठेवायचा?

---

निवृत्त_पाळीवाला

राजापूरकर, विचारायलाच हवा असा प्रश्न आहे. नियामकाच्या स्वातंत्र्याबद्दल तुमच्याशी मी सहमत आहे. पाळीत बसणाऱ्यालाही कडक तपासनीस हवा असतो. आपली चूक दुसऱ्याने आधी पकडावी यात कमीपणा कसला?

फुकुशिमाबद्दल. तारापूरमध्ये वीज पूर्ण गेली तर उपयोगी पडणारा आणीबाणीचा संघनक आहे. भट्टीतली वाफ आपोआप वर चढते, पाण्याच्या टाकीतल्या नळ्यांमध्ये थंड होते आणि पाणी होऊन स्वतःच्या वजनाने खाली येते. पंप लागत नाही. आम्हाला याचा मोठा आधार वाटायचा. पण फुकुशिमाच्या पहिल्या युनिटमध्येही असाच संघनक होता! बॅटऱ्या पाण्याखाली गेल्या, झडपा बंद झाल्या आणि संघनक चालू आहे की नाही हेच अंधारात बसलेल्या पाळीला कळेना. म्हणजे यंत्र असणं पुरेसं नाही, ते चालू आहे हे काळोखात कळलं पाहिजे आणि झडप हाताने उघडता आली पाहिजे.

तारापूरमध्ये २००५-०६ च्या सुमारास मोठे बदल झाले. दोन्ही युनिटांत सामाईक असलेल्या यंत्रणा वेगळ्या केल्या, नवे डिझेल जनित्र बसवले, मुख्य नियंत्रण कक्ष सोडावा लागला तर दुसरीकडून भट्टी सांभाळता यावी म्हणून पूरक कक्ष केला. फुकुशिमानंतर बाहेरून थेट पाणी देता येईल अशा जोडण्या केल्या.

पण आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं ते नरोराने. ३१ मार्च १९९३, पहाटे साडेतीनच्या सुमारास. उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात पहिल्या युनिटच्या टर्बाइनची दोन पाती तुटली. यंत्र थरथरलं, जनित्रातला हायड्रोजन बाहेर आला आणि पेटला. तेलाने आग धरली, केबली जळत गेल्या. मुख्य केबली आणि आणीबाणीच्या केबली एकाच वाटेने नेलेल्या होत्या, त्यामुळे डिझेल जनित्र असूनही वीज पोचेना. जवळपास १७ तास केंद्र विजेविना. धुरामुळे नियंत्रण कक्ष सोडावा लागला. पाळीने भट्टी लगेच बंद केली होती, पण ती बंदच राहावी म्हणून माणसं हातात टॉर्च घेऊन इमारतीत वर चढली आणि बोरॉनचं द्रावण सोडणाऱ्या झडपा त्यांनी हाताने उघडल्या. डिझेलवर चालणाऱ्या आगीच्या पंपांचं पाणी बाष्पजनकांत देऊन भट्टी थंड ठेवली. गाभा शाबूत राहिला. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर ही घटना तिसऱ्या पातळीची धरली गेली. नंतर केबलींचे मार्ग वेगळे करायचं काम देशातल्या सगळ्याच केंद्रांत घ्यावं लागलं. ही रात्र आम्हाला प्रशिक्षणात मिनिटामिनिटाने शिकवली आणि पुढे मी ती नव्या मुलांना शिकवली. दर वेळी टॉर्चच्या त्या वाक्याशी आलो की वर्गात कोणी हलत नसे.

---

बोंबीलवाडी

काका, नरोराचं वाचून अंगावर काटा आला. मी उच्छेळी-दांडीच्या पट्ट्यातला, घरी होडी आहे. भट्टीच्या आत काय घडलं ते तुम्ही छान सांगितलंत. कुंपणाच्या बाहेरचं मी सांगतो.

तिसऱ्या-चौथ्या युनिटासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. पुनर्वसनाचा वाद मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं चालला. वाड्या, विहिरी, खळी, मासळी सुकवायच्या वलाणी हे सगळं सोडून माणसं वसाहतीतल्या प्लॉटवर गेली. ज्याचा धंदा भरती-ओहोटीवर चालतो त्याला किनाऱ्यापासून लांब घर देऊन काय उपयोग? अणुभट्टीच्या नोंदीत हे कुठेच येत नाही.

दुसरं म्हणजे पाणी. समुद्राचं पाणी थंड करायला आत घेतात आणि गरम करून सोडतात. किनाऱ्यावरच्या केंद्रांसाठी नियम असा की सोडलेलं पाणी समुद्रापेक्षा ७ अंशांहून जास्त गरम असू नये. ते आज किती आहे हे गावात कोणाला माहीत असतं? मासळी कमी झाली हे खरं, पण त्यात औद्योगिक वसाहतीच्या रासायनिक सांडपाण्याचा वाटा किती आणि गरम पाण्याचा किती, हे आकड्यांशिवाय कसं ठरवणार? माझं मत विचाराल तर रसायनांनी आमचं जास्त वाटोळं केलंय. बोईसरच्या कारखान्यांत स्फोट होऊन कामगार मेल्याच्या बातम्या दर एक-दोन वर्षांनी येतात. अणुकेंद्रात तसं झालं नाही, हे मी मच्छीमार असूनही सांगतो.

एकदा मी मोजणीचे आकडे मागायला एका कार्यालयात गेलो होतो. इंग्रजीतलं जाडजूड बाड पुढे ठेवलं आणि इथेच बसून वाचा म्हणाले. मी बारावी झालेला माणूस, दहा पानं उलटली आणि उठलो.

---

गणिती

बोंबीलवाडी, आकड्यांबद्दल थोडी माहिती देतो. प्रत्येक अणुकेंद्राजवळ भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते. आसपासचं दूध, भाजी, मासे, विहिरीचं पाणी, माती यांचे नमुने ती घेत राहते. सामान्य नागरिकासाठी केंद्रामुळे येणाऱ्या डोसची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट (मिलिरेमसारखंच, पण नवं माप) आहे, आणि आपल्याकडच्या केंद्रांभोवती प्रत्यक्ष येणारा डोस तिच्या फार खाली राहतो. तुलनेसाठी, निसर्गातून माणसाला जगात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट दर वर्षी मिळतातच.

म्हणजे मोजणी होते. ती मराठीत गावापर्यंत पोचत नाही, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर महिन्याला चार ओळी लिहिल्या तरी काम होईल: तुमच्या गावातलं दूध, तुमच्या खाडीतला मासा, आकडा इतका, मर्यादा इतकी. आणि शेजारी पाण्याचं तापमान.

किनारा, तुमच्या बाबांच्या दोन पानांची बेरीज किती येते?

---

तलासरीवाली

मध्येच विचारते. नोव्हेंबर २०१८ पासून आमच्याकडे धुंदलवाडी, डहाणू, तलासरी पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले. आम्ही कित्येक रात्री घराबाहेर झोपलो. तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच, "तारापूरला काही झालं तर?" काका, यावर काही सांगाल?

---

निवृत्त_पाळीवाला

ताई, त्या मालिकेतले मोठे धक्केही ४ तीव्रतेच्या थोडे वर गेले. कच्च्या घरांना ते धोक्याचे, घरं पडलीही. अणुभट्टीची इमारत त्याहून बऱ्याच मोठ्या हादऱ्याचा हिशेब धरून तपासतात. भिंतीपेक्षा मला काळजी वाटते ती बाहेरून येणारी वीज जाण्याची आणि समुद्राची. १९४५ मध्ये मकरानच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला तेव्हा त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती. २००४ मध्ये तमिळनाडूतल्या कल्पाक्कम अणुकेंद्राच्या पंपघरात त्सुनामीचं पाणी शिरलं, भट्टी सुरक्षित बंद केली आणि काही दिवसांत परत चालू झाली. पश्चिम किनाऱ्याला असा दिवस कधी येणारच नाही असं धरून कोणी चालू नये. आणि तुमच्या गावाला तेव्हा कोणी येऊन हे समजावून सांगितलं नसेल, तर ती आमचीच कसूर.

---

किनारा

सगळ्यांचे आभार. गणिती, बेरीज केली. दोन महिन्यांचे मिळून ६४० मिलिरेम. बाबांना शेजारी बसवून एकेक चौकट वाचून दाखवली. चष्मा असूनही त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. शून्य का लिहायचात, विचारलं. म्हणाले, "शून्य म्हणजे त्या दिवशी पिवळे कपडे घालून बसलो, पण आत बोलावलं नाही."

---

गणिती

१०० मिलिरेम म्हणजे १ मिलिसिव्हर्ट. म्हणजे ६.४ मिलिसिव्हर्ट. पोटाच्या एका सीटी स्कॅनला साधारण असाच डोस येतो. तेव्हा कामगारासाठी वर्षाची मर्यादा ५ रेम, म्हणजे ५० होती. आज पाच वर्षांत १००, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. दोन्ही हिशेबांनी बाबांचे हे दोन महिने मर्यादेत आहेत. पण त्यांनी किती वर्षं, किती वेळा असं काम केलं, ते कळल्याशिवाय पूर्ण चित्र मिळणार नाही.

---

राजापूरकर

हे वाचून मी गप्प झालो. आमच्याकडे सभेत आम्ही मेगावॅट आणि करार यावर भांडतो. उद्या जैतापूर झालंच, तर आत पाइप घासायला आमचीच पोरं कंत्राटावर जाणार. त्यांचा आकडा त्यांच्या हातात लेखी मिळावा ही मागणी मी आजपासून आमच्या यादीत घालतो.

---

निवृत्त_पाळीवाला

किनारा ताई, पेनातला आकडा हा रोजचा अंदाज असतो, खरी नोंद टीएलडी बॅजची. ती कंत्राटदाराकडे राहत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या राष्ट्रीय डोस नोंदवहीत देशभरातल्या किरणोत्सर्गी कामगारांच्या नोंदी असतात, कायम आणि कंत्राटी दोन्ही. आपली नोंद मागायचा कामगाराला हक्क आहे. अर्ज केंद्राच्या आरोग्य भौतिकी विभागाकडे करा. पूर्ण नाव, जन्मतारीख, कोणत्या वर्षी कोणत्या युनिटवर काम केलं ते, आणि आठवत असेल तर बॅजचा क्रमांक. अर्ज मराठीतच लिहा. पोच घ्यायला विसरू नका. महिनाभरात उत्तर आलं नाही तर इथे सांगा, मी स्वतः तुमच्याबरोबर येतो.

---

किनारा

काका, आत्ताच बाबांना विचारलं. बॅजचा क्रमांक त्यांनी एका दमात सांगितला, शाळेतल्या पाढ्यासारखा. मी लिहून घेतला आणि परत वाचून दाखवला, तर मधल्या एका आकड्याला त्यांनी मला थांबवलं, मी चुकीचा ऐकला होता. बोंबीलवाडी, सोमवारी अर्ज द्यायला येतेय. पाण्याच्या तापमानाचा तुमचा अर्जही त्याच दिवशी देऊ, दोन्हीची पोच एकदमच घेऊ.